कोलकात्याचं मदर हाउस: मदर तेरेसांचं संग्रहालय नीट कसं पाहावं

कोलकात्याच्या सहलीत मदर हाउसला बहुतेक वेळा अर्धा तास मिळतो. व्हिक्टोरिया मेमोरियल आणि कालीघाट यांच्या मधे कुठेतरी गाडी थांबते, सगळे घाईघाईने आत जातात, कबरीला हात जोडतात, बाहेर फोटो काढतात आणि निघतात. संग्रहालयाची खोली राहून जाते, वरची मदरची खोली तर अनेकांना माहीतही नसते. जागा लहान आहे, पण पाहायला दीड तास लागतो. तो कसा लावायचा, कधी जायचं आणि काय चुकतं, ते इथे सविस्तर दिलं आहे.

आधी ही जागा काय आहे ते समजून घ्या. ५४ए, आचार्य जगदीशचंद्र बोस रोड (जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही लोअर सर्क्युलर रोड) हा मिशनरीज ऑफ चॅरिटी या धर्मसंघाचा मुख्य मठ आहे. १९५३ पासून मदर तेरेसा इथे राहिल्या आणि ५ सप्टेंबर १९९७ ला इथेच वारल्या. आजही सिस्टर्स इथे राहतात, प्रार्थना करतात, धुणी धुतात, स्वयंपाक करतात. पाहुण्यांसाठी त्यातल्या चारच गोष्टी खुल्या असतात: तळमजल्यावरची कबर, तिला लागून असलेली संग्रहालयाची खोली, जिना चढून मदरची खोली आणि प्रार्थनेचं चॅपल. तिकीट नाही. आधी नाव नोंदवावं लागत नाही. पण आपण कुणाच्या तरी राहत्या घरात आलो आहोत हे ध्यानात ठेवलं की तिथले सगळे नियम आपोआप समजतात.

वार आणि वेळ

सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. मदर हाउस गुरुवारी बंद असतं. कोलकात्यातली बाकीची बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे 'सोमवार सोडून कधीही' असा हिशेब करून आलेली मंडळी गुरुवारी बंद दारासमोर उभी राहतात. उलट सोमवारचा रिकामा दिवस इथे लावता येतो, कार्यक्रम आखताना हे फार सोयीचं पडतं. गुरुवारशिवाय २२ ऑगस्ट, ईस्टरनंतरचा सोमवार आणि २६ डिसेंबर या दिवशीही पाहुण्यांना प्रवेश नसतो. नाताळच्या सुट्टीत गेलात तर २६ तारीख विसरू नका.

वेळ सकाळी ८ ते दुपारी १२ आणि ३ ते ६. मधले तीन तास सिस्टर्सच्या प्रार्थनेचे, जेवणाचे आणि विश्रांतीचे. साडेअकराला पोचून 'तेवढं पाहून घेतो' असं होत नाही, कारण बाराच्या आधीपासूनच आवरतं घेतलं जातं. सगळ्यांत चांगली वेळ सकाळी ८ ते ९.३०. त्या वेळी टूर बस आलेल्या नसतात, कबरीवरची झेंडूची आरास ताजी असते आणि ऊनही चढलेलं नसतं. दुपारी जायचं असेल तर ठीक ३ ला दारात असा. पाचनंतर आत शिरलात तर एक तरी भाग घाईत उरकावा लागेल.

२६ ऑगस्ट हा मदरचा जन्मदिवस आणि ५ सप्टेंबर हा स्मृतिदिन, जो आता त्यांचा सण म्हणून पाळला जातो. या दोन दिवशी कबरीपाशी खास मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) होते आणि प्रचंड गर्दी असते. श्रद्धेने जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण संग्रहालय वाचत पाहायचं असेल तर हे दिवस टाळा. हवेचा विचार केला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर मध्य कोलकात्यात जोरदार पावसाने रस्ते तुंबतात, आणि दुर्गापूजेच्या दिवसांत तर दोन किलोमीटरला तासभर लागू शकतो.

पोचायचं कसं

महाराष्ट्रातून रेल्वेने येणाऱ्यांसाठी मुंबईहून नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल आणि गीतांजली एक्सप्रेस, पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस या नेहमीच्या गाड्या. तिकीट काढताना शेवटचं स्टेशन नीट वाचा. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी ज्ञानेश्वरी एक्सप्रेस आता शालीमारला जाते, हावड्याला नाही. शालीमार हावड्याच्याच बाजूला, हुगळीच्या पश्चिम काठावर आहे, पण तिथे मेट्रो नाही, टॅक्सीच करावी लागते.

हावड्याला उतरलात तर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायची आता गरज उरलेली नाही. स्टेशनला लागूनच मेट्रोची ग्रीन लाइन आहे, ती हुगळीच्या खालून जाते, आणि ऑगस्ट २०२५ पासून ती सरळ सियालदहपर्यंत जोडली गेली आहे. सियालदहला उतरून दक्षिणेकडे, मौलालीच्या चौकातून पुढे बोस रोडने चालत राहिलात की साधारण दोन किलोमीटरवर उजव्या हाताला मदर हाउस येतं. सामान असेल किंवा घरची मोठी माणसं सोबत असतील तर सियालदहहून टॅक्सी करा. मोठ्या बॅगा मात्र मठात आणू नका, त्या हावड्याच्या क्लोकरूममध्ये ठेवा, आणि रेल्वे कुलूप नसलेली बॅग ठेवून घेत नाही, म्हणून कुलूप घरूनच न्या. सदर स्ट्रीट किंवा पार्क स्ट्रीट भागात उतरला असाल तर अलीमुद्दिन स्ट्रीटने पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे.

टॅक्सीवाल्याला फक्त 'मदर हाउस' म्हणा. 'एजेसी बोस रोड' एवढंच सांगितलंत तर तो रस्ता फार लांबलचक आहे, तो कुठेही सोडेल. फोनच्या नकाशात नुसतं 'एजेसी बोस' टाकलंत तर शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचाही पर्याय येतो. त्या उद्यानालाही जगदीशचंद्र बोसांचंच नाव आहे आणि ते नदीच्या पलीकडे आहे. 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' एवढ्यानेही घोळ होतो, कारण याच शहरात, याच रस्त्यावर, त्यांची इतरही घरं आहेत.

इमारत मुख्य रस्त्यावर दिसते, पण दार तिथे नाही. बाजूच्या अरुंद गल्लीत वळायचं. दारात सिस्टर असतात. 'नमस्कार' किंवा 'गुड मॉर्निंग, सिस्टर' म्हणा आणि कुठून आलात ते सांगा. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही चालतं.

जाताना

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, आवाज न करणाऱ्या चपला, पाण्याची बाटली, एवढं पुरे. चॅपलमध्ये सगळे जमिनीवर बसतात, तेव्हा चपला बाहेर काढायच्या. इतरत्र जिथे चपला काढून ठेवलेल्या दिसतील तिथे तसंच करा. फोटोचा नियम दारातच विचारून घ्या. कबरीपाशी फ्लॅश न वापरता फोटो काढू देतात, मदरच्या खोलीचा फोटो काढायला मनाई आहे. खोलीसमोर मोबाइल वर केलेला दिसला की सिस्टर शांतपणे हात आडवा करतात. तो प्रसंग आपल्यावर येऊ देऊ नये. सिस्टर्सचे, विशेषतः धुणं-भांडी करणाऱ्या तरुण नोव्हिसांचे (संघात नव्याने आलेल्या, शिकाऊ सिस्टर्सचे), फोटो कधीही काढू नका.

फलकांवरचा मजकूर मुख्यतः इंग्रजीत आहे. सोबत इंग्रजी न वाचणारं कुणी असेल किंवा मुलं असतील तर पुढच्या काही तारखा आदल्या रात्री त्यांना सांगून ठेवा, त्यांना आत कंटाळा येणार नाही.

आत पाहण्याचा क्रम

आत शिरताच कबर लागते, म्हणून सगळे तिथेच थांबतात आणि मग गर्दीच्या ओघात बाहेर पडतात. आमचा सल्ला वेगळा आहे. कबरीपाशी क्षणभर थांबा आणि तिथून थेट संग्रहालयाच्या खोलीत जा. मग वर खोली, मग चॅपल, आणि शेवटी खाली येऊन कबरीपाशी हवं तेवढं बसा. आयुष्य कळल्यावर तिथे बसण्याला अर्थ येतो.

संग्रहालयाला सरळ लावा पाऊण तास. ती एकच खोली आहे. आयुष्याचा क्रम सांगणारे फलक, हस्ताक्षरातली पत्रं आणि रोजच्या वापरातल्या मोजक्या वस्तू: झिजलेल्या चपला, जेवणाचं टवके उडालेलं एनॅमलचं भांडं, साडी. हिऱ्यामोत्यांची अपेक्षा करून आलेले दोन मिनिटांत बाहेर पडतात. वस्तूंकडे पाहताना एक गोष्ट लक्षात घ्या: या संघात सिस्टरची स्वतःची अशी मालमत्ता जवळपास नसतेच. तीन साड्या (एक अंगावर, एक धुण्यात, एक दुरुस्तीला किंवा सणासुदीला), चपला, बादली, जेवणाचं भांडं, रोझरी (जपमाळ), क्रूस, प्रार्थनेचं पुस्तक. म्हणजे समोर मांडलंय ते वेचून निवडलेलं नाही, एका बाईजवळ जे होतं ते बहुतेक सगळंच आहे.

साडीपाशी जरा जास्त थांबा. पांढरी, जाडसर सुती, काठावर तीन निळ्या रेघा, सगळ्यांत बाहेरची रेघ रुंद. कोलकात्याच्या झाडूवाल्या बायका नेसत त्या तऱ्हेची स्वस्त साडी मदरनी निवडली, आणि १९४८ मधल्या युरोपीय ननसाठी ही फार मोठी गोष्ट होती. तोवर इथल्या युरोपीय सिस्टर्स पायघोळ झगा आणि डोक्यावर ओढणीसारखं कापड याच वेशात असत. आज या साड्या कोलकात्याजवळ टिटागढच्या गांधीजी प्रेम निवासात, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक हातमागावर विणतात. निळ्या काठाच्या या नक्षीची ट्रेडमार्क म्हणून नोंदणीही झाली आहे. भायखळ्याच्या आशा दान मध्ये किंवा तुमच्या गावाजवळच्या संघाच्या घरात ज्या सिस्टर दिसतात त्यांच्या अंगावर हीच साडी असते.

फलक वाचताना पाच तारखांवर बोट ठेवा, बाकी सगळं त्यांच्याभोवती बसतं.

पहिली, सप्टेंबर १९२८. आग्नेस गोंजा बोयाजिऊ या नावाची, स्कोप्ये (आज उत्तर मॅसेडोनियाची राजधानी) इथली अठरा वर्षांची अल्बेनियन मुलगी घर सोडते. आयर्लंडमध्ये लोरेटो या शिक्षिका-नन्सच्या संघात दाखल होऊन ती ६ जानेवारी १९२९ ला कोलकात्याला उतरते. १९३१ पासून सतरा वर्षं ती शिक्षिका आहे, कोलकात्यातल्या एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवते, मुख्याध्यापिका होते. हा भाग लोक पटकन ओलांडतात, पण पुढे तिच्याबरोबर आलेल्या पहिल्या मुली याच शाळेतल्या तिच्या विद्यार्थिनी आहेत. पहिली सुभाषिणी दास, १९ मार्च १९४९ ला आली. तिने मदरचं मूळ नाव आग्नेस हेच धर्मनाव म्हणून घेतलं.

दुसरी, १० सप्टेंबर १९४६. दार्जिलिंगला जाणारी गाडी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्यात भीषण दंगल झाली होती, शाळेत अन्न संपलं होतं आणि मुलींसाठी धान्य शोधायला सिस्टर तेरेसा रस्त्यावर उतरल्या होत्या. या पार्श्वभूमीवर त्या प्रवासात त्यांना गरिबांत जाऊन राहण्याची हाक आली, असं त्या सांगत. संघ हा दिवस प्रेरणादिन म्हणून पाळतो.

तिसरी, १७ ऑगस्ट १९४८, आणि संग्रहालयातली सगळ्यांत महत्त्वाची. हाक १९४६ ची आणि बाहेर पडणं १९४८ चं, मधे दोन वर्षं कशाला लागली असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. कारण असं की ननने आयुष्यभराची व्रतं घेतलेली असतात. मठ सोडून बाहेर राहायचं तर आर्चबिशप, संघाच्या प्रमुख आणि शेवटी रोम, अशी परवानगीची साखळी असते. आर्चबिशप फर्डिनांड पेरिए यांनी मुद्दाम सावकाश घेतलं. शेवटी परवानगी आली तीही सुरुवातीला एका वर्षापुरती, व्रतं कायम ठेवून मठाबाहेर राहण्याची. साडी नेसून निघालेल्या मदर आधी पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सच्या इस्पितळात परिचर्येचं शिक्षण घ्यायला गेल्या, आणि डिसेंबरात मोतीझीलच्या वस्तीत शिरल्या. तिथली पहिली शाळा उघड्यावर, जमिनीवर काठीने अक्षरं काढत भरली.

चौथी, ७ ऑक्टोबर १९५०, संघाला अधिकृत मान्यता. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन नेहमीच्या व्रतांना इथे चौथं जोडलेलं आहे: गरिबांतल्या गरिबांची मनापासून आणि विनामूल्य सेवा. ते चौथं व्रत समजलं की संघाचे बरेचसे निर्णय समजतात.

पाचवी, २२ ऑगस्ट १९५२, कालीघाटला निर्मल हृदय. मंदिराला लागून असलेली यात्रेकरूंची धर्मशाळा महापालिकेने दिली आणि रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसांसाठी तिथे जागा झाली.

पुरस्कारांचा भाग झपाट्याने पाहिला तरी चालेल: १९६२ पद्मश्री आणि मॅगसेसे, १९७९ नोबेल, १९८० भारतरत्न. मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट १९६४ ची आहे. त्या वर्षअखेर मुंबईला आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस (कॅथलिकांचा जागतिक मेळावा) भरली, पोप पॉल सहावे आले, आणि जाताना त्यांनी आपली पांढरी लिंकन गाडी मदरना देऊन टाकली. मदर त्या गाडीत एकदाही बसल्या नाहीत. सोडत काढून आलेला पैसा त्यांनी शांतिनगरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला.

हे संग्रहालय संघाने स्वतः मांडलेलं आहे, त्यामुळे भक्तिभाव उघड आहे. त्यांच्या घरांतल्या वैद्यकीय सोयींवर १९९० च्या दशकापासून झालेली टीका इथे सापडणार नाही. मदरच्या मनातला दीर्घकाळचा आध्यात्मिक अंधार सांगणारी, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रंही येण्याआधी चाळून ठेवावीत असं आम्हाला वाटतं. ती वाचलेल्याला इथली हसरी छायाचित्रं कितीतरी खोल दिसतात.

आता जिना. गुडघेदुखी असणाऱ्यांनी कबर आणि संग्रहालय खालीच पाहून थांबलं तरी चालेल. वर मदरची खोली दारातूनच पाहायची असते. अरुंद खाट, साधं टेबल, बसायला बाक, खाटेच्या वर काट्यांचा मुकुट. पंखा नाही. खोली स्वयंपाकघराच्या वर आहे, खालची धग वर येते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर दोन मिनिटं उभं राहून पाहा, जगभराचा पत्रव्यवहार रात्री उशिरापर्यंत इथे बसून होत असे. वाट अरुंद असल्याने गटाने जाऊ नका, तिघा-चौघांनी पाहून पुढे सरकावं.

चॅपलमध्ये मदर जिथे जमिनीवर बसत, तिथे त्यांचा बसलेला पुतळा आहे. मागे वळून पाहताना तो पुतळा आहे हे क्षणभर कळत नाही. वेदीजवळच्या क्रुसाशेजारी इंग्रजीत 'मला तहान लागली आहे' हे येशूचे शब्द आहेत. संघाच्या जगभरातल्या प्रत्येक चॅपलमध्ये ते असतात. बोस रोडवरचे हॉर्न आणि बसचा धडधडाट आत सतत ऐकू येतो. खिडक्या बंद करून शांतता मिळवण्याचा प्रयत्न इथे कधी झाला नाही. मिस्सेला हजर राहायचं असेल तर सकाळी सहाला असते, आदल्या दिवशी दारात विचारून खात्री करून घ्या, आणि पाच-दहा मिनिटं आधी जागेवर बसा. ख्रिस्ती नसलेल्यांनाही बसता येतं, कम्युनियनच्या (पवित्र भाकर वाटण्याच्या) वेळी मात्र जागेवरच थांबायचं.

शेवटी कबर. साधा पांढरा चौथरा, त्यावर योहानच्या शुभवर्तमानातलं वचन: मी तुमच्यावर प्रेम केलं तसं तुम्हीही एकमेकांवर करा. वर रोज झेंडूच्या पाकळ्यांनी इंग्रजीत एखादा छोटा संदेश लिहिलेला असतो. लोक माथा टेकतात, फुलं ठेवतात, प्रार्थनेच्या चिठ्ठ्या सोडतात. सगळं चालतं, फक्त आवाज नको. मेडल किंवा प्रार्थनेचं कार्ड हवं असेल तर सिस्टरना विचारा. असतील तर तशीच देतात, पैसे घेत नाहीत.

पैसे, आणि पुढे कुठे

देणगी द्यायची असेल तर आत, सिस्टरकडे द्या आणि पावती घ्या. बाहेर मदरच्या नावाने वर्गणी मागणाऱ्याला देऊ नका. पार्क स्ट्रीट आणि सदर स्ट्रीटच्या बाजूला बाळाला कडेवर घेऊन दुधाची पावडर विकत घेऊन द्या म्हणणारी बाई भेटते. तो डबा नंतर त्याच दुकानात परत जातो, हा जुना प्रकार आहे. कपडे, खेळणी, औषधं पिशवीत भरून आणण्याआधी काय चालेल ते विचारा. उघडलेली औषधं कुणीच घेत नाही.

याच रस्त्यावर ७८ क्रमांकाला शिशु भवन, संघाचं मुलांचं घर, आहे. स्वयंसेवक म्हणून काम करायचं असेल तर नोंदणी तिथे होत आली आहे. मदर हाउसच्या दारातच सध्याचा दिवस आणि वेळ विचारून घ्या, आणि ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा. एका दिवसासाठी 'मुलांना भेटायला' जाऊ नका. रोज नवे चेहरे येऊन निघून जाण्याने लहान मुलांना त्रास होतो.

निर्मल हृदय पाहायचं तर कालीघाट मेट्रो स्टेशनला उतरा, तिथून मंदिराकडे चालत जा. ते मरणासन्न माणसांचं घर आहे. फोटो नाही, गट नाही, आणि सिस्टर 'आज नको' म्हणाल्या तर तसंच परतायचं. शनिवारी आणि मंगळवारी कालीमंदिराची गर्दी अफाट असते, ते वार टाळा. १९४९ मध्ये मदर ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिल्या ते १४, क्रीक लेन हे खासगी घर आहे, बाहेरून पाहून पुढे जावं.

युरोपात राहणाऱ्यांसाठी: स्कोप्येत मासेदोनिया स्ट्रीटवर २००९ मध्ये उघडलेलं मदर तेरेसा स्मारकगृह आहे, ज्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला त्याच जागेवर. तिथे बालपण आणि कुटुंब नीट कळतं, त्यामुळे दोन्ही शक्य असेल तर स्कोप्ये आधी आणि कोलकाता नंतर ठेवा.